सापडेबाईंचे चार वजा

सापडेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चौकशीचं टेबल होतं, त्यामागे त्या बसायच्या. तिथे जो काही विचारायला जाई त्याला ते सापडायचं, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाईंनाही ते आवडत असावं, कारण कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर त्या क्षणभर इकडेतिकडे बघत.

त्याआधी बाई टेलिफोनच्या चौकशीला होत्या. लोक फोन करून म्हणत, "ते कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, जरा ओरडतात बघा, त्यांचा नंबर द्या." ना नाव, ना पत्ता, पण बाई नंबर देत. समोरच्याला नेमकं काय हवंय ते त्याच्या बोलण्यातून वेचून काढायचं, ही विद्या त्या तिथे शिकल्या. पुढे ते खातंच बंद पडलं. बाई वाचनालयात आल्या आणि जाड पुस्तकांतल्या नंबरांच्या जागी इंटरनेट आलं. विद्या तीच राहिली.

माणसं शोधाच्या चौकटीसमोर बसली की एक तर याचक होतात नाहीतर फौजदार. एकदा एक शिंपी आले. त्यांनी लिहिलं, 'माझं मशीन मध्येच का अडतं, काय करू, कृपया लवकर सांगा.' उत्तरादाखल शंभर जाहिराती आल्या.

"शिंपीदादा, हा काय अर्ज केलाय?" बाई हसल्या. "त्याला प्रश्न कळत नाही, शब्द कळतात. आता सांगा, ज्याचं मशीन असंच अडलं आणि ज्याने ते नीट केलं, तो माणूस काय लिहील?"

शिंप्यांनी डोकं खाजवलं. "लिहील की, खालचा दोरा गुंतत होता. बॉबिनची केस झिजली होती, ती बदलली."

"मग तेच लिहा. प्रश्न लिहू नका, उत्तर लिहा. मशीनचा नंबर जसाच्या तसा, दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं देऊन. आणि ही दुकानं नकोत ना? तर 'विक्री' लिहा आणि त्याच्या आधी चिकटून एक वजा टाका."

दुकानं भुर्रकन उडाली. तिसऱ्याच ओळीत कुठल्यातरी लांबच्या शिंप्याने नेमकी तीच झिजलेली केस फोटो काढून दाखवली होती. शिंपीदादा खूश होऊन वजाचं कौतुक करू लागले, तेव्हा बाईंनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्याच अक्षरात एक पुठ्ठा टांगलेला होता: 'वजा जपून. नको ते काढताना हवं तेही जातं.'

लोकांना अक्कल सांगणाऱ्या माणसाचं स्वतःच्या बाबतीत काय होतं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दिव्याखालीच अंधार असतो. बाईंच्या दिव्याखाली तो एकोणीस वर्षांचा होता.

बाईंचा धाकटा भाऊ सव्विसाव्या वर्षी घरातून गेला. भांडून नव्हे, चांगला हसत गेला. कारखान्यांत यंत्रं बसवणारी एक टोळी गावोगाव फिरायची, तिच्यात त्याला काम मिळालं होतं. सात-आठ महिने त्याचे फोन आले. मग आले नाहीत. टोळीच्या मुकादमाने सांगितलं, तो मध्येच काम सोडून गेला, कुठे ते ठाऊक नाही. त्याच वर्षी सगळे टेलिफोन नंबर पाचाचे सहा आकडी झाले. बाई दिवसभर कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाला सांगत होत्या, "जुन्या नंबराच्या आधी दोन लावा." गावातल्या एकूण एक माणसाला त्यांनी हे सांगितलं, फक्त ज्याला सांगायला हवं होतं तोच सापडत नव्हता.

घरी आता आई आणि बाई दोघीच. आई एक्याऐंशीची. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, जपा. ते 'जपा' ऐकल्यापासून बाईंना एकच ध्यास होता: आई आहे तोवर तिला धाकट्याचा ठावठिकाणा सांगायचा. बाकी सगळं, म्हणजे बदली, बढती, दोन-तीनदा आलेली स्थळं, त्यांनी केव्हाच बाजूला सारलं होतं. संध्याकाळी त्या घरी यायच्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं असायचं. धाकटा वेळीअवेळी यायचा म्हणून तेव्हापासूनची ती पद्धत, कडी लावायचीच नाही. आत आलं की खुर्चीतून आई विचारायची, "आज काही सापडलं का गं?"

"नाही, आई. उद्या बघू."

हे एकोणीस वर्षं चाललं होतं.

शोधायला बाईंनी काही बाकी ठेवलं नव्हतं. धाकट्याच्या डाव्या कानामागे भाजल्याची त्रिकोणी खूण होती. तो चार वर्षांचा असताना बाई शाळेचे कपडे इस्त्री करत होत्या, तो मागून येऊन गळ्यात पडला आणि बाईंचा हात वळला. त्या खुणेचे शब्द बाईंनी नाना तऱ्हांनी लिहून पाहिले होते. घरातले शब्दही लिहायच्या. गच्चीवरची पाण्याची टाकी भरताना ढमढम वाजायची, तिला धाकटा 'टाकीतले ढमढम आजोबा' म्हणायचा. तो कुठे काही लिहीत असला तर कधीतरी हे लिहील, या आशेने बाई दर आठवड्याला ते शब्द टाकून बघत.

पण प्रत्येक शोधाच्या शेवटी त्या चार वजा लावत. मृत. मृतदेह. बेवारस. अनोळखी.

वाचनालयात आल्या त्या पहिल्या वर्षी लावले नव्हते. तेव्हा याद्याच्या याद्या समोर आल्या, नदीकाठच्या, रस्त्याकडेच्या, आणि एका यादीत फोटो होता. तो कुणा दुसऱ्याचाच होता. पण बाई टेबलावरून उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी चार वजा लावले, तात्पुरते. पुढे ते हाताला इतके सरावले की आपण लावतोय हेही त्यांना कळेनासं झालं. इंटरनेटवर नवं काही आलं तर आपोआप पत्र यावं, अशी सोय त्यांनी केली होती, त्यातसुद्धा चार वजा होतेच.

या वर्षी वाचनालयाने बाईंच्या टेबलावर नवा संगणक दिला. तो बसवायला तारवाला आला. गावातल्या सगळ्या कचेऱ्यांच्या तारा त्यालाच ठाऊक म्हणून तारवाला.

"बाई, तुमचं ई-मेलचं खातं एकदाच टाका," तो म्हणाला. "मग रोज रोज कटकट नको."

बाईंनी टाकलं. जुन्या संगणकावर त्या पत्रं बघण्यापुरतंच ते उघडत आणि लगेच बंद करत. वाचनालयाच्या पत्रांपासून आईच्या फोनपर्यंत त्यांचं सगळं त्या एकाच खात्यावर चालायचं. दुसरं खातं काढा, त्याचा पासवर्ड लक्षात ठेवा, कुणी सांगितलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचक यायच्या आधी, बाईंनी नेहमीचे शब्द लिहायला घेतले. 'टाकीतले ढमढम' एवढं लिहून झालं आणि चौकटीखाली आपोआप एक ओळ उघडली.

'टाकीतले ढमढम आजोबा झोपले का'

बाईंचा हात कीबोर्डवरच राहिला. रात्री अंथरुणावर पडलं की धाकटा रोज हेच विचारायचा, अगदी याच शब्दांत. आणि बाई ते विसरल्या होत्या. साफ विसरल्या होत्या, चाळीस वर्षं आठवलं नव्हतं. त्यांनी ते कधीच, कुठेच लिहिलं नव्हतं. शिवाय या संगणकाला त्यांच्या आणि तारवाल्याच्या खेरीज कुणाचं बोट लागलेलं नव्हतं.

दुपारी त्यांनी तारवाल्याला फोन लावला. "अरे, मी लिहायच्या आधीच खाली ओळी येतात, त्या कुठून येतात?"

"लोकांनी जे विचारलेलं असतं ते येतं, बाई. तुम्ही तर सगळ्यांना शिकवता!"

"जे एखाद्यानेच विचारलंय, ते?"

"त्या एखाद्याने पुष्कळदा विचारलं असेल," तारवाला म्हणाला आणि कुणाच्या तरी छपराखालच्या तारेत अडकून गेला.

बाईंना घाम फुटला. आनंद म्हणावा तर तो असा नसतो. जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणीतरी, पुष्कळदा, विचारतंय की ढमढम आजोबा झोपले का. आई सोडली तर हे ठाऊक असलेलं एकच माणूस होतं. म्हणजे तो आहे, बाईंनी मनात म्हटलं, तो आहे. संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. थकलेल्या हृदयाला अर्धी बातमी द्यायची नाही. "उद्या बघू," त्या म्हणाल्या. आईने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढचे काही दिवस बाईंचं कामात लक्ष नव्हतं. सकाळी संगणक सुरू केला की त्या एकेक शब्द हळूच टाकत आणि खाली काय उघडतं ते बघत. 'दार' लिहिलं की यायचं, 'दार लोटलेलंच आहे'. 'इस्त्रीचा' लिहिलं की यायचं, 'इस्त्रीचा डाग मोठेपणी जातो का'. एके दिवशी धीर करून त्यांनी लिहिलं, 'कुठे आहेस'. खाली उघडलं, 'कुठे आहेस थंडी आहे का तिकडे'.

खोलीत तेव्हा कुणीच नव्हतं. पंखा बंद होता, खिडकी बंद होती, आणि बाईंनी उठून तिन्ही कपाटांच्या मागे जाऊन बघितलं. मग स्वतःचीच लाज वाटून त्या परत खुर्चीत बसल्या. भूतखेत त्या मानत नव्हत्या. पण शब्द मानत होत्या, आयुष्यभर शब्दांवरच त्यांचं पोट चाललं होतं, आणि आता समोर शब्द होते. कुणीतरी त्यांच्या घरात बसल्यासारखं विचारत होतं, आणि त्या विचारणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. भीती वाटायची. तरी सकाळ कधी होते असंही व्हायचं.

अकराव्या दिवशी बाईंनी ठरवलं की आता लपंडाव पुरे. या माणसाला गाठायचं तर त्याच्याच पावलांवर पाऊल टाकायला हवं. आपले शब्द नकोत, आपली युक्ती नको, तो जे विचारतो तेच जसंच्या तसं विचारायचं. जेवणाची सुट्टी संपवून त्या टेबलाशी आल्या. अडीच वाजले होते. त्यांनी 'डाव्या कानामागे' एवढंच लिहिलं आणि थांबल्या.

'डाव्या कानामागे भाजल्याचा डाग असलेला मुलगा सापडला का'

हा काय शोध झाला! शिंपीदादांच्या अर्जाचीच तऱ्हा. बाईंनी कुणाला असं लिहू दिलं नसतं. पण आज त्यांनी ती ओळ तशीच दाबली. ओळीचा शेवट त्यांच्या बोटांनी लिहिला नाही, म्हणून बोटांच्या सवयीचे ते चार वजाही लागले नाहीत.

उत्तरं आली. सर्वांत वर कुठल्याशा लांबच्या रुग्णालयाची जुनी यादी होती. शीर्षकात बाईंचे चारही शब्द हारीने बसलेले होते, दारात अडवून ठेवलेल्या पाहुण्यांसारखे. आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं:

'तुम्ही हे पान एकतीस वेळा पाहिले आहे. शेवटची भेट: आज, दुपारी दोन वाजून बारा मिनिटे.'

दोन वाजून बारा मिनिटांनी बाई मागच्या ओट्यावर डबा खात होत्या. खोलीला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या कमरेला होती. त्यांनी ती चाचपून पाहिली.

मग पान उघडलं. सातवी नोंद होती. पुरुष, वय अंदाजे तीस ते पस्तीस. डाव्या कानामागे भाजल्याची जुनी त्रिकोणी खूण. तापाने दाखल, शुद्ध नाही, दुसऱ्या दिवशी मृत्यू. तारीख चौदा वर्षांपूर्वीची. खिशात चिठ्ठी, त्यावर पाच आकडी टेलिफोन नंबर. नंबरावर फोन केला असता असा नंबर अस्तित्वात नाही असे कळले.

पुढे तो नंबर दिला होता. बाईंनी तो वाचला नाही, वाचायची गरजच नव्हती. त्यांनी फक्त तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आधी दोन लावा." पुन्हा म्हटलं. आधी दोन लाव रे, राजा, आधी दोन लाव. त्या रडत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. बाहेर कुणी वाचक येऊन उभा राहिला, त्याने आत डोकावून पाहिलं आणि तो पाय न वाजवता निघून गेला.

बऱ्याच वेळाने त्यांची नजर परत त्या बारीक अक्षरांवर गेली. तुम्ही हे पान पाहिले आहे. तुम्ही म्हणजे कोण? वरच्या कोपऱ्यात त्यांचंच नाव होतं, त्यांचंच खातं. आणि मग, इतक्या दिवसांनी, शोधून देणाऱ्या बाईंना ते सापडलं. नऊ वर्षांपूर्वी आईला फोन घेऊन दिला होता. जुनी गाणी ऐकायला. तेव्हा त्यात खातं घातलं होतं ते आपलंच.

त्यांनी खात्यातली मागची यादी उघडली. रोज दुपारी दोन ते चार. आई त्या वेळात झोपते, असं त्या समजून होत्या. आईला टाईप करता येत नव्हतं, पण फोनवर माइकचं चित्र असतं, ते दाबून बोलायला येत होतं. ती बोलत होती. यंत्राशी बोलत होती, कुणी समोर बसलं असावं तसं, सगळे नियम मोडून, उत्तर न लिहिता नुसते प्रश्न विचारत. ढमढम आजोबा झोपले का. थंडी आहे का तिकडे. आणि तिला ते पान चार वर्षांपूर्वीच सापडलं होतं. तिने एकही वजा लावला नव्हता. आईला वजा ठाऊकच नव्हता.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारनंतर प्रश्न बदलले होते.

'मुलीला भावाची वाईट बातमी कशी सांगावी'

'बातमी लपवली तर दोष लागतो का'

'मुलगी रोज शोधते तिला थांबवावं का'

'शोधायचं थांबली की तिचं काय होईल'

हा शेवटचा प्रश्न आईने दोनशेहून जास्त वेळा विचारला होता. उत्तर म्हणून आलेलं एकही पान तिने उघडलं नव्हतं.

बाई त्या दिवशी लवकर निघाल्या. पाठीमागे पुठ्ठा भिंतीवर तसाच लटकत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. घराकडे जाताना वाटेत त्यांना आईचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि कोपऱ्यापर्यंत पोचेतो दोन्ही ओसरून नुसती भीती राहिली. चार वर्षं रोज संध्याकाळी, "आज काही सापडलं का गं?" बाईंना ते आस लावून विचारलेलं वाटायचं. आई दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होती. आपल्या तोंडून सांगावं लागू नये, तिचं तिलाच सापडावं, याची.

दार लोटलेलं होतं. बाई आत आल्या. खुर्चीत आई, मांडीवर फोन, त्याची काच अजून उजळलेली.

"आज लवकर आलीस," आई म्हणाली. आणि मग नेहमीचंच, पण हळू, "आज काही सापडलं का गं?"

बाई चपला न काढताच तिच्या पायाशी बसल्या. "सापडलं, आई."

आईने काय सापडलं ते विचारलं नाही. तिने फोनची काच मांडीवर उपडी केली आणि बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. हात चांगला ऊबदार होता. थकलेल्या हृदयाचं काय होईल या धास्तीने बाई तिच्या मनगटाची नाडी धरून बसल्या होत्या. ती संथ लागत होती.

"एकटीने बघितलंस?"

"हो."

"मीपण एकटीनेच बघितलं."

"मला का नाही सांगितलंस? चार वर्षं, आई!"

"सांगणार होते. रोज सांगणार होते," आई म्हणाली. "पण तू दारातून यायचीस आणि म्हणायचीस, उद्या बघू. ते ऐकलं की वाटायचं, अजून एक दिवस राहू दे त्याला. तुझ्यापुरता तरी होताच ना गं तो."

दोघी पुष्कळ रडल्या. मध्येच आई म्हणाली, "चिठ्ठी होती त्याच्या खिशात," आणि बाई म्हणाल्या, "हो." उजेड कमी झाला तसा बाईंनी उठून दिवा लावला.

"आता दाराला कडी लाव," आई म्हणाली. "आता कशाला उघडं ठेवायचं."

बाई दाराशी गेल्या. एकोणीस वर्षं न सरकवलेली कडी गंजून बसली होती. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तशी ती कुरकुरत इंचभर हलली.

तेवढ्यात वर गच्चीत पाणी आलं. टाकी ढमढम वाजायला लागली. आधी हळू, मग जोरात, आत कुणी म्हातारा काठी आपटत फिरतोय तशी. दोघींनी एकदमच वर बघितलं. आईचे ओठ हलले.

बाईंचा हात कडीवर तसाच होता. मग त्यांनी तो काढून घेतला.

"आई," त्या म्हणाल्या, "उद्या लावू."